नाव द्याच, पण नियम वाचून जा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. जळगावात रविवार सकाळची हौशी अल्टिमेट फ्रिस्बी (डिस्क म्हणजे प्लास्टिकची तबकडी एकमेकांकडे फेकत मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात झेलायचा सांघिक खेळ) लीग सुरू होतेय, बायका-पुरुष एकाच संघात आहेत, तुम्ही शाळेनंतर मैदानावर पाय ठेवलेला नाही, डिस्क सरळ फेकता येत नाही आणि तिथे ओळखीचं कुणी नाही. तर नाव द्यावं का?

द्या. मी धुळ्याची. पुण्यात नोकरीला असताना हा खेळ शिकले, आता गावी परतल्यावर जमतील तेवढ्यांना घेऊन खेळते. फेक येत नाही म्हणून थांबू नका, ती येते. मला काळजी वाटते ती नियम न वाचताच मैदानात उतरणाऱ्यांची, कारण या खेळात पंच नसतो. जागतिक स्पर्धेतसुद्धा फाउल खेळाडूच पुकारतात. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे जड जातं. बॅटला लागलं नाही हे माहीत असूनही अपील करायची आपली सवय, कारण निर्णय दुसरा कुणी देणार असतो. इथे तो तुम्हीच द्यायचा.

माझं सांगते. पहिल्याच मोसमात मी गोलच्या पट्ट्यात डिस्क पकडली. टाच कडेच्या रेषेवर होती, ते मला जाणवलंही होतं. पण रेषेवर म्हणजे आत, असं मी धरून चालले होते. समोरच्यांनी विचारलं, ‘आत होतीस?’ मी हो म्हटलं, त्यांनी लगेच मान्य केलं. रात्री नियम वाचले तर मैदानाची रेषा बाहेर धरतात. मी खोटं बोलले नव्हते, पण त्यांनी माझ्या शब्दावर गोल दिला होता आणि तो शब्द चुकीचा होता. पुढच्या रविवारी त्या संघाकडे जाऊन सांगितलं. तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी नियम वाचायला लावते, डिस्क नंतर हातात देते.

फार नाही वाचावं लागत. डिस्क हातात असताना धावायचं नाही, एक पाय रोवून ठेवायचा. समोरचा मार्कर, म्हणजे फेकणाऱ्याला अडवणारा खेळाडू, मोठ्याने दहापर्यंत मोजतो, त्याने ‘दहा’ उच्चारायला सुरुवात करण्याआधी डिस्क हातातून सुटली पाहिजे. जमिनीवर पडली की समोरच्यांची. धक्का लागला तर ज्याला लागला त्याने ‘फाउल’ म्हणायचं. समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर ‘कॉन्टेस्ट’. झेल घेताना असं झालं आणि पटलं नाही, तर डिस्क परत फेकणाऱ्याकडे जाते आणि खेळ पुढे सुरू होतो. भांडण नाही. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना खिलाडूवृत्तीचे गुण देतात. नियमांचं ज्ञान, फाउल आणि धक्काबुक्की, निःपक्षपणा, वागणूक आणि संवाद अशा पाच गोष्टी, प्रत्येकी 0 ते 4. प्रत्येकी 2 म्हणजे नेहमीसारखा चांगला खेळ, त्यामुळे एकूण 10 आले तर वाईट वाटून घेऊ नका.

आता बायकांना नुसतं उभं करून ठेवतात का, हा तुमचा दुसरा प्रश्न. कधीकधी ठेवतात. माझ्या एका संघात मी मोकळी धावत असायचे आणि डिस्क दूरच्या, दोघांनी घेरलेल्या पुरुषाकडे जायची. पूर्ण संघ सात-सात जणांचा असतो आणि मिश्र खेळात चार पुरुष-तीन बायका किंवा चार बायका-तीन पुरुष, म्हणजे मैदानात किमान तीन बायका असतातच. त्यांच्याकडे फेकायचंच नाही ठरवलं तर तो संघ चौघांवर खेळतोय, आणि हे समोरच्यांना दोन मिनिटांत कळतं. असं झालं तर गप्प बसू नका. गोल झाल्यावर कप्तानाला जागा दाखवून सांगा, ‘मी इथे मोकळी होते.’ मी तीन रविवार गप्प राहिले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे सातची जुळणी होणंही कठीण असतं, बहुतेकदा पाच-पाचच खेळतात. त्यात तुम्हाला धावावंही जास्त लागेल आणि डिस्कही जास्त मिळेल.

फेकीचं म्हणाल तर 175 ग्रॅमची डिस्क घ्या. खेळण्याच्या दुकानातली हलकी तबकडी वाऱ्यात भरकटते आणि हात बिघडवते. बॅकहँड (हात अंगावरून आडवा नेऊन केलेली फेक) लवकर येतो, फ्लिक (मनगटाच्या झटक्याने हाताच्याच बाजूने केलेली फेक) छळतो. फ्लिकला दोन बोटं कडेच्या आतून, अंगठा वरून, आणि ओल्या हातावरचं पाणी झटकावं तसं मनगट झटकायचं. जोर खांद्यातून लावू नका. डिस्कला स्थिर ठेवते ती तिची फिरकी. आपल्याकडे साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाहीत उभारल्या, वारा धुळ्यातही सुटतो. समोरून वारा असला की डिस्क वर चढते, पाठीमागून असला की खाली दबते. भावाला किंवा मैत्रिणीला दहा पावलांवर उभं करून रोज वीस मिनिटं फेका, महिन्याभरात फरक दिसेल.

पहिल्या दिवशी लांब फेक करायला जाऊच नका. मोजणी सहावर आली की मागे उभ्या असलेल्या सोबत्याकडे छोटी फेक द्या आणि लगेच धावत सुटा. धावणारा नवखा प्रत्येक संघाला हवा असतो.

जमीन बघून बूट घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात घोटा मुरगळतो, आणि पावसात तीच माती स्टडला चिकटून पाय मणाचा होतो. फुटबॉलचे स्टड चालतात, धातूचे नकोत. दव पडलेल्या थंडीत डिस्क निसटते, पुसायला फडकं ठेवा. एप्रिल-मेमध्ये लीग साडेसहाच्या आत सुरू होत नसेल तर तसं आयोजकांना स्पष्ट सांगा. जळगावचं ऊन आठनंतर खेळू देत नाही.

एक पांढरा आणि एक गडद टी-शर्ट न्या, संघ ऐनवेळी बदलतात. पाणी दोन लिटर. आणि केळी न्या डझनभर, जळगावात राहून रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिला सामना झाला की इथे लिहा, फ्लिक अडला तर धुळ्याहून येऊन दाखवीन.