साकडे घालणे: विठ्ठलाला आणि पालकमंत्र्यांना

प्रश्न असा: आषाढीच्या शासकीय महापूजेनंतर ‘मुख्यमंत्र्यांचे विठुरायाला साकडे’ असाच मथळा का असतो? ‘प्रार्थना’ किंवा ‘नवस’ का नाही?

साकडे म्हणजे मुळात अडचण. संस्कृत ‘संकट’, प्राकृत ‘संकड’, जुन्या मराठीत ‘सांकडें’. संकटचा पहिला अर्थ अरुंद, चिंचोळे. हिंदीतला ‘सँकरा’ याच कुळातला. तेव्हा साकडे घालणे म्हणजे देवालाच अडचणीत धरणे: आमचं गाऱ्हाणं सोडव, मग तुझी सुटका. देव पाण्यात घालणे हीही त्याच जातीची जबरदस्ती. (निकालाच्या आदल्या रात्री उमेदवारांच्या घरचे देव कुठे असतात, ते विचारू नका.)

नवस हा सौदा. तो सहसा स्वतःपुरता असतो आणि फेडावा लागतो. आमच्या सोलापुरात कन्नड घरांत त्याला हरके म्हणतात, तेलुगू घरांत मोक्कु. साकड्यात फेडायचं काही नसतं, शिवाय ते चारचौघांच्या वतीने घालता येतं. पुढाऱ्यांना नेमकं हेच सोयीचं पडतं. ‘पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे’ हे साकडे. ‘आमचंच सरकार येऊ दे’ हा नवस, तो कॅमेऱ्यापुढे कोण बोलणार? धर्माच्या नावावर मतं मागायला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) आडवं येतं. विठ्ठलाकडे पाऊस मागायला काहीच आडवं येत नाही. पूजेला शेजारी दर्शनरांगेतलं मानाचं वारकरी दाम्पत्य असतं, त्यामुळे निरोप जिथे जायचा तिथे बरोबर पोचतो. पक्ष बदलतात, मथळा तोच राहतो.

२०१८ साली गंमत झाली. मराठा आरक्षणाच्या आंदोलकांचा इशारा आला आणि देवेंद्र फडणवीसांनी पंढरपूरला न जाता मुंबईत ‘वर्षा’वरच पूजा केली. जुन्या मराठीत सांगायचं तर साकडे घालणाऱ्यालाच साकडे पडलं!

देवावरून हा शब्द मंत्र्यांवर आला: ‘उजनीच्या पाण्यासाठी पालकमंत्र्यांना साकडे’. हा वापर मला ढिला वाटतो. निवेदन दिलं, फोटो काढला आणि शिष्टमंडळ परत आलं, तर ती विनंती. मंत्र्यांची गाडी अडवून धरली असेल, तर खुशाल साकडे लिहा.