डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ): जाळ्यांच्या खोलीत महाकाय कोळी आहे, आमचे चौघं दोनदा मेले. आग लावावी का?

लावा, पण दारातून. आत शिरून नाही. आमच्या इंदूरच्या टेबलावर एका मित्राने खोलीच्या मधोमध उभं राहून मशाल फिरवली होती. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना अजूनही त्याची खेचतो. ‘वेब’ मंत्राच्या नियमाने जाळ्याचा 5 फुटी तुकडा एका फेरीत जळतो आणि त्या आगीत ज्याची पाळी सुरू होते त्याला 2 डी 4 (चार बाजूंचे दोन फासे टाकून येईल तितकं) नुकसान. साध्या जाळ्यांना हाच नियम लावायचा का, हे डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधीच विचारून ठेवा.

खरी चूक वेगळी असावी. जाळ्याला हात लागला की त्याच जाळ्यावर बसलेल्या कोळ्याला तुमची नेमकी जागा कळते, मग चोरपावलांचा काय उपयोग! त्याला बाहेर बोळात ओढा. 2014 च्या नियमांत त्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) 14 आणि एचपी (किती नुकसान सोसतो) फक्त 26 आहे. मोकळ्यात चौघांपुढे टिकत नाही. विष मात्र जपून, 2 डी 8 आहे.

कोणी अडकलाच तर त्याने स्वतः जोर लावण्यापेक्षा (ताकदीची चाचणी, डीसी 12, म्हणजे फाशावर बोनस धरून किमान 12 हवेत) शेजाऱ्याने जाळं कापावं: एसी 10, एचपी 5. तलवार किंवा कुऱ्हाड घ्या. गदेचा जाळ्यावर काहीच परिणाम होत नाही, आमचा पुजारी तीन फेऱ्या उगाच बडवत बसला होता.