डेकभोवतीचे रबर काय सांगते

प्रश्न : काकांची १९६५ सालची उघड्या टपाची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आता माझ्याकडे वेंगुर्ल्यात आहे. पूर्वी एका दुकानदाराने डॅशबोर्ड कापून डेक (गाडीतली म्युझिक सिस्टिम) आणि डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. डेकभोवती रबर गुंडाळले आहे, अ‍ॅम्प्लिफायर प्लायवूडवर आहे आणि ‘यांना बॉडीचा अर्थ (अर्थिंग) देऊ नका’ असे त्याने बजावले होते. आता खड्डा लागला की फ्यूज उडतो आणि चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आणखी कापाकापी न करता हे सारे डॅशबोर्डातून हलवायचे आहे. काय करावे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दुखण्याचे मूळ त्या रबरातच आहे. १९६७ च्या अखेरीस मार्क टू ही सुधारित आवृत्ती येईपर्यंत एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या डेकचा पत्र्याचा सांगाडा मात्र ऋण टोकाला जोडलेला असतो. रबर सरकून सांगाडा डॅशबोर्डला टेकला की शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. म्हणून जागा बदलण्याआधी गाडीचा अर्थ बदलून घ्यावा, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडावे. डेक व अ‍ॅम्प्लिफायर आधी पूर्ण काढावेत, नाहीतर दोन्ही जळतील. बॅटरी उलटी जोडल्यावर डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) दोन्ही तारा काढून त्याच्या लहान ‘एफ’ टोकाला बॅटरीच्या धन टोकाची तार दोन-तीन सेकंद टेकवावी, इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी आणि इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटरची (इंजिनचा वेग दाखवणाऱ्या मीटरची) आतली जोडणी जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावी.

अ‍ॅम्प्लिफायर डिकीच्या तळाशी ठेवू नये, कारण टपातून झिरपलेले पाणी आपल्याकडच्या पावसात तिथेच साचते. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या फळीखाली असतात, ही मोठी सोय आहे. अ‍ॅम्प्लिफायर सीटमागे, फळीपासून दोन बोटे उंच बसवला तर सहा चौरस मिलिमीटरची जाड तार जेमतेम हातभर लागते आणि वीस अँपिअरचा फ्यूज बॅटरीला लागूनच बसतो. मात्र अ‍ॅम्प्लिफायर लहान, क्लास डी प्रकारचा (कमी वीज खाणारा) घ्यावा. आपला डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर व इग्निशन मिळूनच त्यातले निम्म्याहून अधिक खातात.

सीडीशिवायचा, कमी खोलीचा डेक ग्लोव्ह बॉक्समध्ये मावतो. त्याची कायम चालू राहणारी पिवळी तार स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीवरून आणावी आणि लाल तार फ्यूज बॉक्सवरच्या हिरव्या तारांच्या टोकाला जोडावी. मूळ वायरिंगमध्ये याहून जास्त हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी निळी तार डेकमधूनच यावी. आपल्या गाडीत ती बहुधा कायम चालू असलेल्या तपकिरी तारेला जोडलेली असावी : अर्धा अँपिअर सतत गेला तरी चार दिवसांत ४८ अँपिअर-तास संपतात. सिग्नलची तार एका बाजूने व करंटची दुसऱ्या बाजूने न्यावी आणि डेक व अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थ एकाच बोल्टवर घ्यावेत, म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येणार नाही. त्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि वरून व्हॅसलिन लावावे.

दुकानदाराने घातलेली एकही तार परत वापरू नये. टेपचा चिकट थर पुसून तारेचे आवरण दोन इंच सोलून पाहा. नखाने खरवडल्यावर हिरवी भुकटी निघाली, तर खारी हवा आवरणाखाली शिरलेली आहे. नव्या तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या घ्याव्यात, पिळून टेप गुंडाळण्याऐवजी क्रिंप करून (टोके धातूच्या नळीत दाबून) आत गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी चढवावी.

डॅशबोर्डाचे छिद्र त्याच जाडीच्या पत्र्याने भरून त्यावर मूळचा सुरकुत्या असलेला काळा रंग द्यावा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी आणि डॅशबोर्डवरचे मीटर काढावेत. सर्व झाल्यावर गाडी बंद ठेवून बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर जोडावा. ५० मिलीअँपिअरच्या वर काटा गेला, तर एकेक फ्यूज काढत तो कुठे खाली येतो ते पाहावे.