पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गात काही मुलं बोलत नाहीत, काही सतत भांडतात. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मूळ गाव सोलापूरकडचं, नेमणूक वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीकाठच्या द्विशिक्षकी शाळेत. तुमच्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पट १७. पाच मुलं जुलै उजाडला तरी वर्गात तोंड उघडत नाहीत, तिघं हाणामारी करतात आणि उरलेली ‘बाई, ह्येना माका मारल्यान’ (ह्याने मला मारलं) म्हणत टेबलापाशी उभी. आधी शिस्त लावावी की अभ्यास घ्यावा, आणि त्या तिघांना वेगळं बसवावं का?

आधी शिस्त आणि मग अभ्यास हा क्रम या वयात जमत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांची बरीचशी भांडणं दोन कारणांनी होतात. हवी ती वस्तू मागायला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, आणि ‘थांब’ म्हटलं तर किती थांबायचं ते कळत नाही. न बोलणाऱ्यांचीही अडचण बऱ्याचदा शब्दांचीच असते, फक्त ती मुलं हात उचलण्याऐवजी गप्प बसतात. म्हणून ज्या अभ्यासात मागावं लागतं, द्यावं लागतं, थांबावं लागतं असा अभ्यास रोज एक तास घ्या. शिस्तीचा वेगळा तास नको. भिंतीवरचे सुविचारही राहू देत बापडे, पहिलीच्या मुलाला ते वाचताच येत नाहीत.

सुरुवात तुमच्या कानापासून करा. वर्गात रोज कानावर पडणारे चाळीसेक मालवणी शब्द आठवड्याभरात वहीत उतरवा: माका (मला), तुका (तुला), व्हया (हवं), खंय (कुठे), कित्याक (कशाला), वायंच (थोडं), गावला (सापडलं), हयसर (इथे). पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यात तुमच्या सगळ्यात चांगल्या गुरू ठरतील. मूल म्हणालं, ‘बाई, माजी पेन्सिल गावना नाय,’ तर तुम्ही म्हणायचं, ‘पेन्सिल सापडत नाही? दप्तराखाली बघ बरं.’ एवढंच. त्याला समजलं, काम झालं आणि पुस्तकातला शब्दही कानावर पडला. त्याच्याकडून तो वदवून घ्यायचा नाही. ‘नीट बोल’ असं दोनदा ऐकलेलं मूल तिसऱ्यांदा पेन्सिल मागतच नाही, शेजारच्याची ओढून घेतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे. वर्गात मालवणी कशाला, असं कुणी विचारलंच तर हे सांगता येईल. फळ्यावर मुलांचं एखादं वाक्य लिहिताना आधी त्यांचं जसंच्या तसं लिहा आणि त्याखाली प्रमाण मराठीतलं. दुसरीची मुलं दोन्ही ओळी वाचतील.

आता भांडणं. पाच दिवस वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखून नोंद ठेवा: वेळ, जागा, कोण, लगेच आधी काय चाललं होतं. पाचव्या दिवशी ‘तिघं सतत भांडतात’ हे वाक्य बहुधा खोटं ठरेल. ती मुलं दिवसभर भांडत नसतात, ठरावीक दोन-तीन जागी भांडत असतात. पावसाळ्यात पहिली जागा म्हणजे पडवी, जिथे ओल्या छत्र्या आणि रेनकोट एकावर एक पडतात. दुसरी जागा हात धुण्याचा नळ, आणि तिसरी वेळ म्हणजे फळ्यावरचं लिहून झाल्यावर हात रिकामे राहतात ती. यातल्या निम्म्या भानगडी मांडणी बदलली की मिटतात. पडवीत मुलांच्या खांद्याच्या उंचीवर १७ खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीवर नाव आणि एक चित्र लावा, कारण पहिलीचं मूल आधी चित्र ओळखतं. छत्र्यांसाठी खाली दोन जुन्या बादल्या. नळाचा हिशोब करून बघा: एक नळ, १७ मुलं, प्रत्येकी ४० सेकंद. शेवटच्याला जवळजवळ ११ मिनिटं उभं राहायचंय, तेही खिचडीचा वास घेत. तिथे मोठी माणसंही ढकलाढकली करतील. दोन बादल्या, दोन तांबे आणि जोड्या: दुसरीतला ओततो, पहिलीतला धुतो, मग उलट. एका वेळी चार मुलं, बाकीची वर्गात गाण्यावर. काम निम्म्या वेळात होतं आणि कुणाच्या तरी हातावर पाणी घालायची सवय लागते ती वेगळीच.

तरीही भांडण होणारच. समजा, एकच पेन्सिल दोघांच्या मुठीत आहे. लांबून ओरडू नका, जवळ जाऊन खाली बसा, म्हणजे तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येतील. पेन्सिल आधी तुमच्या हातात घ्या, कारण ती कुणाच्या तरी हातात आहे तोवर दुसऱ्याला काहीही ऐकू येत नाही. ‘कोणी सुरू केलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही, त्याला दोन्हीकडून एकच उत्तर येतं. ‘काय जाला?’ एवढंच विचारा, आधी एकाला, मग दुसऱ्याला, आणि प्रत्येकाचं म्हणणं एका वाक्यात परत सांगा: ‘म्हणजे तुला रंगवायचंय आणि तुझं नाव लिहून व्हायचंय.’ मग विचारा, ‘पेन्सिल एक, तुम्ही दोघं. काय करूया?’ आणि गप्प बसा. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. नवीन शिक्षक इथेच घाई करतात आणि स्वतःच निकाल देऊन मोकळे होतात. थांबलात तर बहुतेक वेळा एक जण म्हणतो, ‘ह्येचा जाल्यार माका दी’, म्हणजे याचं झालं की मला दे. हेच वाक्य तुम्हाला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वर्गाकडून खेळात म्हणवून घ्या. मारलंच असेल तर ‘सॉरी म्हण’ यावर भागवू नका. तुटलेलं टोक काढून देणं, सांडलेलं पाणी पुसणं, पडलेल्याला उठवणं असं काहीतरी हातानं करायला लावा. आणि पट्टी उगारायचा मोह झाला तर त्याच कायद्याचं कलम १७ आठवा: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी.

आता मुख्य काम, म्हणजे तो रोजचा तास. त्यासाठी एक खेळ पुरेसा खोलात सांगतो, बाकीचे तुम्ही त्याच साच्यावर रचाल.

माडाच्या हिरांचा, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्यांचा, एक जुना खराटा घ्या. हिराचा जाड भागच वापरायचा, शेंड्याकडचा पातळ भाग मोडतो. १० सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि टोकं दगडावर घासून बोथट करा. तीन-तीन मुलांचे पाच गट आणि दोघांचा एक, असे सहा गट होतील. दर गटाला ४० हीर, चार रबर, एक फासा आणि एक करवंटी. फासा करवंटीतच टाकायचा, नाहीतर निम्मा वेळ तो बाकाखाली शोधण्यात जातो. तिघांची तीन कामं: एक फासा टाकतो, दुसऱ्याकडे हिरांचा साठा असतो आणि तो मागितल्याशिवाय देत नाही, तिसरा मोजून घेतो आणि दहा झाले की जुडी बांधतो. चार जुड्या झाल्या की गटाचं काम संपलं. कोण जिंकलं हा प्रश्नच नाही, चाळीस सगळ्यांचे मिळून. साधारण १२ वेळा फासा टाकावा लागतो, म्हणून दर चार फाशांनी कामं बदला, म्हणजे प्रत्येकाला तिन्ही कामं एकदा मिळतात. दोघांच्या गटात जुडी बांधणारा फासाही टाकतो. पहिलीची मुलं मोजतात. दुसरीची मुलं त्याच खेळात प्रत्येक फाशानंतर पाटीवर झालेले किती आणि चाळीसला उरले किती ते लिहितात.

न बोलणाऱ्या मुलाला पहिले आठ दिवस हिरांच्या साठ्यावर बसवा. त्याला बोलायची सक्ती नाही, पण गटातल्या सगळ्यांना त्याच्याशी बोलावं लागतं. त्याचा पहिला शब्द बहुधा ‘घे’ असेल, तोही कुजबुजत, तुमच्याशी नव्हे तर शेजारच्याशी. त्या क्षणी टाळ्या वाजवून सगळ्या वर्गाची मान तिकडे वळवू नका, मूल पुन्हा शिंपल्यात जातं.

बिघडतं कुठे ते सांगतो. चौघांचा गट केला की चौथा रिकामा राहतो आणि त्याचाच हात दुसऱ्याच्या पाठीत जातो. ते भांडखोर तिघं एका गटात टाकू नयेत हे उघडच आहे, पण ‘शहाण्या’ मुलीला रोज त्यांच्याबरोबर बसवणंही अन्यायाचं आहे. तिच्या वाट्याला शिकणं कमी आणि राखण जास्त येते. आणि दुसरीतलं मूल पहिलीतल्याचे हीर स्वतःच मोजून टाकतं. त्यासाठी एकच नियम ठेवा: दुसऱ्याच्या हिरांना हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं.

याच जुड्यांनी मराठी संख्यानामांचा गुंताही सुटतो. ‘त्रेचाळीस’ ऐकताना तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, म्हणून मूल ३४ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. हा मुलाचा निष्काळजीपणा नव्हे, शब्दाची घडणच तशी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ ही पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. माझं मत असं की पूल म्हणून ती चांगली आहे. चार जुड्या आणि तीन सुटे हातात घेऊन महिनाभर ‘चाळीस आणि तीन’ म्हणू द्या आणि मग त्रेचाळीस. पुलावरच घर बांधू नका, बाजारात आई त्रेचाळीसच म्हणणार आहे.

साहित्य विकत आणू नका. बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडक यांनी १९४५ मध्ये याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीत, बालवाडीचं काम सुरू केलं ते परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच. मात्र काय उचलावं ते बघून. काजूच्या कच्च्या बिया मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, टरफलातल्या तेलानं कातडी भाजते. फणसाच्या आठळ्या पावसाळ्यात बुरशी धरतात किंवा चक्क कोंब काढतात. चिंचोके उत्तम, फक्त कडक ऊन दाखवून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर किडे लागतात. शिंपले उकळून वाळवा आणि धारेचे बाजूला काढा. शाळेला लागून अंगणवाडी असेल तर चिंचोके तिकडे जाऊ देऊ नका, तीन वर्षांचं मूल ते नाकात घालतं.

दिवस सुरू करताना गोलात बसून करवंटी फिरवा. जिच्या हातात करवंटी ती बोलेल. प्रत्येकी अर्धा मिनिट म्हटलं तरी साडेआठ मिनिटं होतात, याहून लांबवलं तर चुळबूळ सुरू होते. प्रश्न ठोस हवा. ‘काल काय केलंस?’ला ‘काय नाय’ येतं. ‘काल जेवणात कोणता मासा होता?’ला बांगडा, पेडवे, मोरी, सुंगटा अशी उत्तरं येतात. मासे न खाणाऱ्या घरातली मुलं असतील तर अर्थात प्रश्न बदला. करवंटी नुसती पुढे देण्याची मुभा ठेवा. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातलं मूल वर्गात असलं तर त्याच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात ते एक दिवस सगळ्यांना शिकवू द्या.

त्या पाचही मुलांची एक तपासणी आजच करा. मूल चित्र काढण्यात गुंतलेलं असताना मागून, हातभर अंतरावरून, साध्या आवाजात त्याचं नाव घ्या. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी. वळत नसेल, किंवा पावसाळ्यात कानातून पू येत असेल, तर प्रश्न लाजण्याचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्याची वाट न बघता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. ऐकू नीट येतं, घरी मूल भरपूर बोलतं, पण दिवाळीपर्यंत शाळेत कुणाशीच, अगदी मित्राशीही कुजबुजत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. आईशी बोलायचं तर सकाळी बोलावू नका, ती मासळी घेऊन बाजारात असते. संध्याकाळी तुम्हीच वाडीवर जा, आणि पहिल्या भेटीत तक्रार नको.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर सगळं विस्कटलेलं दिसेल. खुंट्या, जोड्या, करवंटी, सगळं पुन्हा पहिल्या दिवसासारखं दोन दिवस करून घ्या, तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर येते.

आणि वेगळं बसवण्याबद्दल: नको. एकटं बसलेल्या मुलाला मागायचा, द्यायचा, थांबायचा सराव नेमका ज्याची गरज आहे तोच मिळत नाही, आणि महिन्याभरात वर्ग त्याला ‘मारणारो’ म्हणून ओळखायला लागतो. फार तापलं असेल तर पाच मिनिटं तुमच्या शेजारी, हातात जुड्या सोडायचं काम देऊन बसवा. पाच मिनिटांनी त्याच गटात परत.