क्षमा केली, मग हिशेब मागावा का?

प्रश्न : नाताळच्या वर्गणीतल्या 12 हजारांच्या पावत्या मिळेनात. रागाच्या भरात माझ्या यजमानांनी उपासनेनंतर सगळ्यांदेखत खजिनदारांना ‘पैसे खाल्ले’ म्हटलं. वर्ष झालं. दोन्ही घरं प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) येतात, पण उपासनेत एकमेकांना शांतीचा सलाम द्यायची वेळ आली की तोंडं फिरवतात. आम्ही मनातून क्षमा केली आहे. आता पावत्या मागणं चूक का?
– एक भगिनी, इंदूर

उत्तर : चूक नाही. वैर सोडणं तुमच्या हातात आहे, पण वर्गणी चर्चच्या मंडळीची. ती माफ करणं तुमच्या हातात नाही. प्रभू येशू आधी जकातदार जक्कयाच्या घरी उतरला, लुबाडलेलं चौपट फेडण्याचं जक्कय त्यानंतर बोलला (बायबल, लूक 19). हाच क्रम तुम्हीही धरा.

मत्तय 18:15-17 मध्ये पायऱ्या स्पष्ट आहेत : आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीसमोर. तुमच्याकडे सुरुवातच शेवटच्या पायरीवरून झाली. चारचौघांत चोर ठरलेला माणूस पावत्या शोधत नाही, अब्रू सांभाळतो. म्हणून, ताई, हिशेब कसाही निघो, आधी यजमानांनी जायचं. मत्तय 5:23 नीट वाचा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला सांगितलं आहे, ते ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल’ तर. तुमचं मन निवळलं, एवढ्यानं भागत नाही.

मेसेज नको, रविवारची गर्दीही नको. फोन करून एखाद्या संध्याकाळी घरी जावं. ‘सगळ्यांसमोर मी तसं बोललो, ते माझं चुकलं,’ इतकंच म्हणावं. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ हे जोडलं की माफी उरत नाही. त्या दिवशी पावत्यांचं नावही काढू नये, नाहीतर माफी त्यासाठीच मागितली असं वाटेल.

आठवड्याभरानं दोन्ही घरांना चालेल अशा एका वडीलधाऱ्याला घेऊन रोकडवही उघडा. पावती हरवली असेल तर दुकानातून बिलाची नक्कल मागा. तीही नसेल तर व्हाउचर करून दोघांच्या सह्या घ्या. कमी पडलेली रक्कम हप्त्यांनी भरता येईल. पण आरोप जाहीर झाला होता, तेव्हा माफीही मंडळीसमोर यजमानांच्याच तोंडून यायला हवी. बहुतेक समेट इथेच अर्धवट राहतात. तोवर पाळकांनी दोघांचे हात धरून मिळवू नयेत.

प्रश्न : शहरातल्या वेगवेगळ्या चर्चनी एकत्र यायला सुरुवात कुठून करावी?
– एक युवक, इंदूर

उत्तर : 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. त्यात एक संध्याकाळ ठरवा : वचन, गीत, प्रार्थना. प्रभुभोजन ठेवू नका. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे नियम वेगळे आहेत, तिथेच मनं दुखावतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यामागे 1929 पासूनची बोलणी होती. पहिल्या वर्षी वीस माणसं आली तरी पुढच्या वर्षीची तारीख त्याच संध्याकाळी ठरवून उठा.