मॉडेल विमान: घासायचं ते प्रायमर, कापड नव्हे

प्रश्न (पुणे): दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं 1/6 मापाचं मॉडेल बांधतो आहे. पंखावरच्या बाल्सावर (हलक्या लाकडावर) चौरस मीटरला 25 ग्रॅम भरणारं काचतंतूंचं फायबर कापड इपॉक्सी रेझिनने बसवलं. घासायला घेतलं तर कापडाची वीण काही जात नाही, आणि पुढच्या कडेला थेट लाकूड उघडं पडलं. कुठे चुकतंय?

तुम्ही रेझिनचा पहिलाच हात (थर) घासून सपाट करायला बघताय. पहिला हात फक्त कापड लाकडाला चिकटवण्यासाठी असतो. तो झाल्यावर वीण दिसते आणि ती दिसायलाच हवी. वीण दिसत नसेल तर रेझिन जास्त झालं असं समजा. त्या हातावरचे फक्त उभे राहिलेले धागे आणि थेंब उडवा, तेही 240 नंबरच्या कागदाने, अलगद.

वीण भरते दुसऱ्या हाताने. त्याच रेझिनमध्ये थोडी टाल्कम पावडर किंवा मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची हलकी भुकटी) मिसळा, पंखावर पसरा आणि जुन्या एटीएम कार्डाने ओढून जवळजवळ सगळं काढून घ्या. खड्ड्यांत राहील तेवढंच तुम्हाला हवं आहे. तुमच्या मापाला पंखाचा विस्तार साधारण 1.87 मीटर आणि दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या आत. म्हणजे कापड सुमारे 30 ग्रॅम, पहिल्या हाताचं रेझिन तेवढंच, दुसऱ्याचं त्याच्या निम्मं. पंखाचं वजन कापड लावण्याआधी आणि नंतर करून पाहा. 100 ग्रॅमच्या वर वाढलं असेल तर रेझिन साचून राहिलं आहे.

दुसरा हात झाल्यावर दोन-तीन दिवस हात लावू नका. कोवळं इपॉक्सी घासलं की कागद पाच मिनिटांत भरतो, मग आपण नकळत जोर लावतो आणि कापड कापलं जातं. कागद लाकडी ठोकळ्यावर चिकटवूनच वापरा, वळणांवर जाड फोमवर. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे नाले पडतात. ते आज दिसत नाहीत, चकचकीत रंगाखाली सगळे दिसतात. कडांवर सगळा दाब एका रेषेवर येतो म्हणून कापड तिथेच आधी फाटतं. पुढची कड, पंखाचं टोक आणि फिलेटच्या (पंख आणि धड यांच्या जोडावरच्या वळणाच्या) धारा यांवर मास्किंग टेप लावून आजूबाजूचं घासा. टेप अगदी शेवटी काढा आणि तिथे दोन-चार हलके हात फिरवा, बस.

उघड्या पडलेल्या जागेवर वॉटर पेपर पाणी लावून चालवू नका. बाल्सा पाणी पितो, फुगतो आणि वाळल्यावर तिथे उंचवटा राहतो. आधी सेंटीमीटरभर जास्तीचा कापडाचा तुकडा लावून रेझिनने बंद करा.

प्रश्न (कोल्हापूर): पावसाळ्यात लावलेलं इपॉक्सी आठवडा झाला तरी चिकट आहे. वरून आणखी हार्डनर (रेझिन कडक करणारा दुसरा घटक) फिरवू का?

मुळीच नको. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा-पाव घटकच असतो, त्याचा वेग वाढवणारा थेंब नव्हे. ती सवय पॉलिएस्टर रेझिनची. आधी नखाने दाबून बघा. खाली कडक आणि वर तेलकट असेल, तर हवेतल्या दमटपणामुळे हार्डनरचा मेणचट थर वर आला आहे. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि हिरवी घासणी पुरते. थिनरने पुसलात तर तो पसरतो आणि वरचा प्रायमर पुढे सोलून येतो. नख रुतत असेल तर प्रमाण चुकलं आहे. ते खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वेळी 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजा, आणि डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा. दोन्ही आकडे वेगळे असतात.

प्रश्न (ठाणे): प्रायमरचे किती हात मारावेत? सुईच्या टोकाएवढी छिद्रं बुजतच नाहीत.

दोन हात, आणि त्यातला बहुतेक प्रायमर घासून खाली पाडायचा. गुळगुळीतपणा इथे मिळतो. पहिला हात वाळला की वरून वेगळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा. मग 400 चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब, ठोकळा तिरका धरून फुलीसारखा फिरवा. फवाऱ्याचा रंग जिथे उरेल तो खड्डा, जिथे रेझिन चमकू लागेल तो उंचवटा. तिथे लगेच थांबा.

छिद्रं प्रायमरने बुजत नाहीत. पातळ प्रायमर छिद्राच्या तोंडावर ताणला जातो, आत हवा अडकते आणि वाळताना ते पुन्हा उघडतं. गाड्यांच्या रंगकामातली बारीक पुट्टी कार्डाच्या कडेने दाबून भरा. जाड थर एकदम देऊ नका. वरून वाळतो, आतलं थिनर नंतर निघतं आणि रंगाखाली डाग खचतो.

शेपटीकडे हात सर्वांत आखडता ठेवा. स्पिटफायरचं नाक आखूड असल्यामुळे मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी तोल साधायला पुढे दुप्पट-तिप्पट शिसं भरावं लागतं.

प्रश्न (नागपूर): स्पिटफायरच्या मार्क 9 या आवृत्तीच्या पत्र्यांचे जोड आणि रिव्हेट कसे दाखवावेत? रडरलाही (शेपटीच्या उभ्या हलत्या भागालाही) फायबर लावू का?

रडर आणि एलेव्हेटर (शेपटीचे आडवे हलते भाग) मुळात कापडी होते. त्यांवर गरम इस्त्रीने ताणलं जाणारं पॉलिएस्टर कापड लावा; दिसायला खरं आणि मागे हलकं. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) पत्र्याचे, त्यांना फायबर हवंच.

जोडांसाठी पहिला प्रायमर घासून झाल्यावर अर्ध्या मिलिमीटरची टेप लावा, वर दोन हात प्रायमर मारा, टेप उघडी पडेपर्यंत घासा आणि ओढून काढा. रिव्हेटसाठी 1 मिमीची पितळी नळी टोकाला आतून धार लावून प्रायमरमध्ये फिरवा. पंखावर उंच रिव्हेट काढू नका. के5054 या स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर रिव्हेटच्या डोक्यांऐवजी वाटाण्याची डाळ चिकटवून वेग मोजला होता, तेव्हा तो ताशी सुमारे 35 किमीने घटला. म्हणून पंखावरचे रिव्हेट सपाट ठेवले गेले.

प्रश्न (पणजी): ग्लो इंजिनच्या (मिथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेलच्या छोट्या इंजिनच्या) इंधनाने स्प्रे कॅनचा रंग ओघळला. उपाय?

इंधनातलं मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन साधा ॲक्रिलिक रंग विरघळवतात. सगळ्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर मारा. स्पिटफायरला तो मॅट हवा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यापुढे धुळीचा मास्क कुचकामी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम गाड्या रंगवणाऱ्याच्या बूथमध्येच करून घ्या. इंजिनाच्या कप्प्यात आतून इपॉक्सीचा एक हात द्या, नाहीतर इंधन लाकडात मुरतं आणि आतून रंग सुटतो.