परीलोक की परलोक?

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय. मुलीनं मोबाइलवर ऑडिओबुक लावलं होतं. धाकट्या भावाला परत आणायला बहीण पऱ्यांच्या जगात शिरते, अशी गोष्ट. निवेदिका म्हणाली, "आणि ती एकटीच परीलोकात गेली." आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय ऐकूलालीस गे? कोण गेलं?" ताईंचा प्रश्न असा, की 'परीलोक' आणि 'परलोक' एकाच मुळाचे काय? आणि 'परीलोक' नको असेल तर काय म्हणायचं?

सासूबाईंच्या कानात काही दोष नाही. मी दोन्ही शब्द एकाच वाक्यात घालून मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकले. सावकाश म्हटलं तर फरक कळतो. ओघात म्हटलं की 'री' आखडते आणि वर पंखा फिरत असला तर 'परलोकात गेली' एवढंच हाती लागतं. छापील पुस्तकात ही अडचण येत नाही, डोळ्याला दीर्घ वेलांटी दिसते.

मुळं मात्र वेगळी. 'परलोक'मधला 'पर' संस्कृत, म्हणजे दुसरा, पलीकडचा. 'परी' फारसीतून आली. तिची पूर्वज अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातली 'पैरिका', आणि ती चांगली बाई नव्हे, चेटकीण. इंग्रजी 'फेअरी'शीही परीचं नातं नाही, नुसता आवाज जुळतो. फेअरीचं मूळ फ्रेंचमधून मागं जात लॅटिन 'फाता'पर्यंत, म्हणजे नशिबाच्या देवतांपर्यंत पोचतं. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजी वापरात हा शब्द त्या मुलखालाही लावत. परीचं गाव आणि परी, दोन्ही एकाच शब्दात.

परदेशी परीकथांत पऱ्यांच्या जगाला 'अदरवर्ल्ड' म्हणतात, त्याचं शब्दशः मराठी केलं तर 'परलोक'च होतं, पण आपल्याकडं परलोकात गेलेलं माणूस दहाव्यालाच आठवायचं. तरी सासूबाई अगदीच चुकल्या असं मी म्हणणार नाही. आयर्लंडमध्ये पऱ्यांची घरं टेकड्यांच्या पोटात मानतात, आणि त्यातल्या काही 'टेकड्या' म्हणजे जुनी थडगी. न्यूग्रेंज हे पाच हजार वर्षांहून जुनं थडगं. दंतकथेत तिथं एंगस नावाचा देव राहतो. म्हणजे तिथंही परीचं घर आणि मेलेल्याचं घर एकच.

स्वभावानं या परदेशी पऱ्यांच्या जवळ जातात त्या आपल्या साती आसरा. डोहाकाठी सात दगड, शेंदूर, खण, हिरव्या बांगड्या. 'आसरा' हे 'अप्सरा'चंच घासलेलं रूप. पण त्यांचा मुक्काम पाण्यात, त्यामुळे गोष्ट डोंगरातली असेल तर शब्द बसणार नाही. आमच्या बेळगावकडची कन्नड शाळेतली पोरं 'किन्नरलोक' म्हणतात. कन्नडमध्ये छान शब्द आहे, पण मराठी बातम्यांत 'किन्नर' आता तृतीयपंथीयांसाठी रुळलाय, तेव्हा तोही राहू दे.

'परीराज्य' चालेल, पण त्यात राजा, दरबार, मुकुट येतो आणि भीती जाते. मी 'पऱ्यांचा मुलूख' म्हणेन. दोन्ही शब्द बाहेरून आलेले, एकमेकांशेजारी शोभतात, आणि 'पऱ्यां'तल्या जोडाक्षरावर जीभ अडखळते म्हणून कानही सावध होतो. संवादात तर 'पल्याड' पुरे. "ती पल्याड गेली" यातही थोडं मरण आहेच, पण "पल्याड जाऊन आली" म्हटलं की नदी ओलांडल्यासारखं वाटतं.

ताईंनी पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय: कथा समजावून सांगितल्यावर सासूबाईंनी पहिलं विचारलं, "तिथलं काय खाल्लं नाही न्हवं तिनं?" आयरिश कथांतही नेमकी हीच धास्ती असते, पऱ्यांचं खाल्लं की परतीची वाट बंद. ऑडिओबुक त्यांनीही ऐकावं.